तोंडाचं अस्तर घरच्या आरशात कसं तपासावं: आधी जागा, मग डाग

जिभेच्या अगदी मागे, घशाकडे जाताना, इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले ८ ते १२ मोठाले गोल उंचवटे असतात. ते प्रत्येकाला असतात. घसा दुखतोय म्हणून कोणी पहिल्यांदाच मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावतं, हे उंचवटे दिसतात, आणि त्या रात्री घरात कोणाला झोप लागत नाही. याच्या उलटही होतं. सुपारी ठेवायच्या जागी, गालाच्या आत, पांढरा चिवट चट्टा सहा-सहा महिने असतो. तो दुखत नाही म्हणून कोणी तिकडे बघतही नाही. दोन्ही चुकांचं मूळ एकच. तोंडाच्या आतली त्वचा सगळीकडे सारखी नसते, आणि कुठल्या जागी ती कशी दिसायला हवी हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

इंदुरात हे शिकून घ्यायची गरज जरा जास्तच आहे. इथे सकाळ वाफाळत्या पोह्यांनी होते, रात्र सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातल्या तळलेल्या गराडूवर (एक कंद) संपते, आणि मध्ये कुठेतरी सुपारीचा पाउच असतो. या सगळ्याचा मार तोंडाच्या आतल्या त्वचेवरच बसतो.

तीन जाती, तीन कामं

या ओलसर त्वचेला श्लेष्मल त्वचा किंवा म्यूकोसा म्हणतात. तिच्या तीन जाती आहेत.

पहिली खऱ्या अर्थाने अस्तर. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेची खालची बाजू, जिभेखालचा तळ, मऊ टाळू आणि हिरडीला लागून असलेली लाल चकचकीत पट्टी, असा तोंडाचा सुमारे ६० टक्के भाग हिच्याकडे आहे. बोलताना, हसताना, घास फिरवताना हिला ताणावं लागतं, परत आखडावं लागतं. म्हणून हिच्या वरच्या पेशींवर केराटीनचं, म्हणजे नखांत आणि केसांत असतं त्या कडक द्रव्याचं, कवच नसतं आणि खाली सैल, लवचिक जाळं असतं.

दुसरी चावण्याचा मार खाणारी: हिरड्या आणि कठीण टाळू, सुमारे २५ टक्के. हिच्यावर केराटीनचा थर असतो आणि ती खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते. दाण्याची चिक्की, कडक शेव, भाकरीची कडा यांचं घर्षण ती यामुळेच सोसते. रंग फिकट गुलाबी, चकाकी कमी.

तिसरी फक्त जिभेच्या पाठीवर, उरलेल्या १५ टक्क्यांत. तिच्यावर अंकुर असतात. काही खरखर देतात, काही चव ओळखतात.

पहिल्या दोन जातींमधला फरक आताच बोटाने बघून घ्या. आरशासमोर खालचा ओठ दोन बोटांत धरून हळूच पुढे ओढा आणि डावी-उजवीकडे हलवा. दातांना लागून असलेली गुलाबी पट्टी जागची हलणार नाही. तिच्या खाली एक नागमोडी रेघ दिसेल, आणि रेघेच्या खालची लाल, चकचकीत त्वचा ओठाबरोबर सरकेल. तिच्यात बारीक रक्तवाहिन्याही दिसतील. ती रेघ म्हणजे दोन जातींची हद्द. ही रेघ एकदा ओळखता आली की पुढचं बरंच सोपं होतं.

जाड म्हणजे कडक, असा मात्र समज करून घेऊ नका. गालाच्या आतला पेशींचा थर जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असतो, हिरडीच्या थराच्या सुमारे दुप्पट, तरी तो मऊ लागतो, कारण केराटीन नसतं. जिभेखालचा तळ याहून कितीतरी पातळ, अंदाजे ०.१ मिलिमीटर. हृदयाच्या रुग्णाला छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याचसाठी. तिथून औषध काही मिनिटांत रक्तात उतरतं. पण जिथून औषध झटकन आत जातं, तिथून तंबाखूतली द्रव्यंही तशीच जातात.

सुई टोचताना जातींमधला हा फरक फार जाणवतो. गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, सैल जागी, औषधाला पसरायला वाव असतो, म्हणून दातांच्या डॉक्टरांची तिथली सुई फारशी दुखत नाही. कठीण टाळूवर त्वचा हाडाला घट्ट, औषधाला जागाच नसते, म्हणून तिथली सुई झोंबते. त्यात डॉक्टरांचा हात जड आहे असं काही नसतं.

तयारी

खाल्ल्या-प्यायल्यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्या आणि साध्या पाण्याने दोन-तीन चुळा भरा. जिलबीचा रंग, हळद, कात, कॉफी हे सगळं जिभेवर आणि गालावर बसतं आणि डागासारखं दिसतं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश रोज वापरत असाल तर जीभ तपकिरी दिसेल. तेही लक्षात ठेवा. कवळी किंवा काढता येणारे दात असतील तर बाहेर काढा. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या.

खिडकीजवळचा आरसा, पांढऱ्या उजेडाचा टॉर्च, स्टीलचा चमचा आणि मेडिकलमधून आणलेलं गॉज, म्हणजे जखमेवर लावायचं जाळीदार कापड, एवढं पुरे. पिवळ्या बल्बखाली तपासू नका; त्यात लाल आणि पांढऱ्यातला फरक बुडतो. गाल बाजूला धरायला चमच्याची पाठ वापरा, पण हलक्या हाताने. जोरात ओढलं की रक्त बाजूला सरून निरोगी गालही पांढरा पडतो, आणि तोच पांढरेपणा रोग समजला जातो. शंका आली तर पकड सोडा, पाच सेकंद थांबा, पुन्हा बघा. रंग परतला तर ते तुमच्या ओढण्याने झालं होतं.

दर वेळी क्रम एकच ठेवा, म्हणजे एखादी जागा राहून जात नाही. महिन्यातून एकदा तपासलं तरी चालतं. तंबाखू-सुपारीची सवय असेल त्यांनी एकदाही चुकवू नये.

ओठ आणि गाल

ओठाच्या बाहेरच्या लाल भागात घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून तो लवकर कोरडा पडतो; जिभेने ओला केला की आणखी फुटतो. ओठ उलटा करून आतून बघा. बोट फिरवल्यावर बारीक दाणे लागतात त्या छोट्या लाळग्रंथी. एखादा निळसर, मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगा दिसला तर बहुधा ओठ चावला जाऊन लाळेची वाट तुटलेली असते. तो सुईने फोडू नका. फुटतो आणि पुन्हा भरतो; ग्रंथीसकट काढावा लागतो.

गालावर घाबरवणाऱ्या, पण निरुपद्रवी गोष्टी बऱ्याच असतात. वरचे-खालचे दात जिथे मिळतात त्या उंचीवर आडवी पांढरी रेघ असते. ती चावण्याच्या घर्षणाने येते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक छोटा उंचवटा असतो. गॉजने तो कोरडा करा आणि कानाखालून पुढे गाल हलकेच चोळा: तिथून लाळेचा स्वच्छ थेंब येईल. ते मोठ्या लाळग्रंथीचं तोंड आहे, गाठ नव्हे. पिवळसर रव्यासारखे ठिपके म्हणजे त्वचेतल्या तेलग्रंथी. बहुतेक प्रौढांना त्या असतात. गालावर दुधाची साय पसरल्यासारखा करडा पडदा दिसला तर गाल ताणून बघा. ताणल्यावर नाहीसा झाला तर तोही निरोगीच.

जो पांढरेपणा ताणल्याने जात नाही तो गॉजने हलकेच पुसून बघा. पुसला गेला आणि खाली लालसर भाग उरला, तर बुरशीची शक्यता असते. मधुमेह, नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स किंवा दम्याचा पंप याच्या मागे असू शकतो. पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरली तर हे बऱ्याच अंशी टळतं. पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा, आणि त्याहूनही मखमलीसारखा लाल चट्टा, ही मात्र डॉक्टरांना दाखवायचीच गोष्ट. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त गंभीर धरतात, आणि लोक नेमकं त्याकडेच दुर्लक्ष करतात, कारण तोंड आतून लालच असतं असं वाटतं. दोन्ही गालांवर जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेघा आणि तिखटाने जळजळ असेल तर तोही वेगळा आजार आहे. त्याला औषध आहे आणि नियमित नजरही लागते.

हिरड्या

निरोगी हिरडी घट्ट, दाताच्या कडेला पातळ धारेने बसलेली असते. पुष्कळांच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगेही दिसतात. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर तपकिरी-काळसर पट्टे असतात. दोन्ही बाजूंना सारखे आणि वर्षानुवर्षं तसेच असतील तर तो त्वचेचा रंग आहे. ते घासून घालवायच्या नादात हिरडी सोलली जाते. एकच नवा काळा डाग, वाढणारा, असेल तर दाखवा.

ब्रश करताना रक्त येणं कोणत्याही वयात स्वाभाविक नाही. रक्त दिसलं की लोक त्या जागी ब्रश फिरवणं सोडतात, तिथे थर साचतो, आणि रक्त वाढतं. मऊ ब्रशने तीच जागा जास्त नीट साफ करा, आठवडाभरात फरक पडला नाही तर दातांच्या डॉक्टरांकडून दात साफ करून घ्या. दात आणि हिरडी यांच्यामधली फट निरोगी अवस्थेत ३ मिलिमीटरपर्यंत असते. त्याहून खोल गेलेला मळ घरी निघत नाही.

टाळू

टाळू आरशात बघण्याआधी जिभेच्या टोकाने वाचून घ्या. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, मधोमध, एक बारीक उंचवटा लागेल. त्याच्या मागे आडव्या वळ्या लागतील; घास पकडायला जिभेला त्यांचा आधार होतो. आणखी मागे गुळगुळीत घुमट, मधून जाणारी शिवण, आणि मग हाड संपून एकदम मऊ जागा. इथे जात बदलली: पुढे गुलाबी आणि घट्ट, मागे लाल आणि हलणारी. आता मान मागे टाकून आरशात बघा आणि 'आ' म्हणा. मऊ टाळू वर उचलला जाईल आणि पडजीभ मधोमध राहील.

घुमटाच्या मध्यावर दगडासारखा कठीण उंचवटा असेल आणि तो वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर ते हाडच आहे. कवळी बसवताना तेवढी अडचण येते, एरवी नाही. बिडी ओढणाऱ्यांच्या टाळूवर राखाडी-पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपके दिसतात. ती धुराने सुजलेल्या लाळग्रंथींची तोंडं.

कवळीखालचा टाळू नेमका कवळीच्याच आकारात लाल दिसत असेल, तर कवळी रात्रीही घातली जातेय असं समजा. घरातल्या आजी-आजोबांची कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, साध्या पाण्यात ठेवा. तिची कडा टोचून खाचेत जखम झाली असेल तर घरी कानशीने घासू नका. एका जागी कमी केलं की दाब दुसरीकडे सरकतो.

जीभ, वरून आणि खालून

जिभेच्या पाठीवरचे असंख्य बारीक धाग्यांसारखे अंकुर चव घेत नाहीत. त्यांच्यावर केराटीन असतं आणि खरखर त्यांचीच. त्यांच्यामध्ये विखुरलेले लाल ठिपके चवीचे. धागे वाढले, मळ धरला की जीभ काळी, केसाळ दिसते. जीभ साफ केली, पाणी वाढवलं की ती सुधारते. धागे झिजले की जीभ गुळगुळीत, लाल, जळजळणारी होते. अशी जीभ दिसली तर लोह आणि बी-१२ तपासायला हवं. शाकाहारी घरांत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, बी-१२ कमी असणं अजिबात दुर्मिळ नाही. नकाशासारखे लाल पट्टे आज इथे, चार दिवसांनी तिथे सरकत असतील तर काळजी नको. सरकणं हीच त्याची खूण.

जिभेच्या कडा सर्वांत काळजीने बघा, कारण जिभेचा कर्करोग बहुतेक वेळा कडेलाच सुरू होतो. जीभ गॉजमध्ये धरा, नुसत्या बोटांतून ती निसटते, आणि एका बाजूला ओढा. अगदी मागे उभ्या दुमडी दिसतात, त्या निरोगी; मात्र दोन्ही बाजूंना असतात. एकाच बाजूला असलेली जखम, विशेषतः समोर तुटक्या दाढेची धार असेल तर, आधी ती धार गुळगुळीत करून घ्यावी आणि दोन आठवड्यांत जखम भरते का ते बघावं.

मग जीभ टाळूला लावा. खाली मधोमध दोरा, दोन्ही बाजूंना निळ्या शिरा. वय वाढलं की त्या मण्यांसारख्या फुगतात. दोऱ्याच्या पायथ्याशी लाळेची दोन तोंडं. जेवताना हनुवटीखाली फुगून दुखत असेल आणि नंतर ओसरत असेल, तर इथल्या नळीत खडा अडकलेला असू शकतो. ही जागा नुसती बघून भागत नाही. एक बोट आत जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं बाहेर हनुवटीखाली ठेवून मधला भाग चाचपा. मऊ असायला हवा. कडक गाठ लागली तर वाट बघू नका.

सुपारीने अस्तर कसं गोठतं

मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे. सुपारीचा आणि तंबाखूचा पाउच वेगवेगळा विकला जातो, आणि घेणारा ते मिसळतो. बरेच जण म्हणतात, मी तंबाखू सोडला, आता फक्त गोड सुपारी. तोंडासाठी हा दिलासा खोटा आहे. सुपारी एकटीही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नोंदवलं आहे.

अस्तराची लवचिकता खालच्या सैल जाळ्यात असते. सुपारीतली द्रव्यं त्या जाळ्यातल्या पेशींकडून जास्त कोलेजन तयार करवतात, आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत आणखी घट्ट बांधतं. हळूहळू गाल आतून चामड्यासारखा होतो. सुरुवातीला खूण छोटी असते: नेहमीचंच जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) किंवा हिरवी मिरची अचानक सोसेनाशी होते. मग गाल ठिकठिकाणी संगमरवरासारखा पांढुरका दिसतो, बोटाला उभ्या दोऱ्या लागतात, शिट्टी वाजवता येत नाही, जीभ पूर्वीइतकी बाहेर येत नाही.

मोजायची रीत सोपी. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. सहज गेली तर ठीक. पट्टीने मोजलं तर वरच्या-खालच्या दातांच्या कडांमध्ये प्रौढाला साधारण ३५ मिलिमीटर किंवा जास्त अंतर हवं. आकडा तारखेसह लिहून ठेवा. दोन महिन्यांनी कमी भरला तर आजार पुढे सरकतोय. झालेला कडकपणा सहसा पूर्ण परत जात नाही, पण सुपारी थांबवली की पुढचं नुकसान थोपवता येतं, आणि व्यायाम, औषधं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी तोंड उघडणं सुधारतं. जबरदस्तीने चमचा घालून तोंड फाकवू नका. चिरा पडतात आणि भरताना त्या आणखी आखडतात. सवय सुटली तरी दर काही महिन्यांनी तपासणी हवीच, कारण या स्थितीतून पुढे कर्करोग होऊ शकतो.

तोंड आलं, टाळू पोळला

जागेवरून ओळखायचा सर्वांत उपयोगी धडा इथे आहे. आपण 'तोंड आलं' म्हणतो तो नेहमीचा फोड, पिवळट मध्य आणि लाल कडा असलेला, बहुतेक अस्तराच्या जातीवर येतो: ओठाच्या आत, गालात, जिभेच्या कडेला किंवा खाली. हिरडीच्या घट्ट भागावर किंवा कठीण टाळूवर बारीक फोडांचा झुबका आला तर तो हर्पिसच्या विषाणूचा असू शकतो, आणि त्यावर स्टेरॉइडचं मलम लावणं चूक ठरेल. म्हणून मलमाची नळी उघडण्यापूर्वी फोड हलणाऱ्या त्वचेवर आहे की घट्ट, ते बघा.

नेहमीचा लहान फोड एक सेंटिमीटरच्या आत असतो आणि ७ ते १४ दिवसांत भरतो. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा. डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर आधी जागा गॉजने कोरडी करा, मग मलम टेकवा. चोळलं तर ते चिकटत नाही. वारंवार येत असेल तर कमी फेसाची, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं द्रव्य नसलेली टूथपेस्ट वापरून बघा आणि रक्त तपासून घ्या.

गरम गराडूने किंवा पोह्यांनी पोळतो तो बहुधा कठीण टाळू, वळ्यांच्या मागचा. गार पाणी तोंडात धरा, सुटणारी साल ओढू नका, आठवड्याभरात भरतं. दाढदुखीत गालाशी ॲस्पिरिनची गोळी धरणं किंवा लवंगेचं तेल थेट ओतणं याने अस्तर पांढरं भाजून निघतं. गोळी गिळल्यावर काम करते, गालाला लावून नाही. तंबाखूत मळलेला चुनाही असंच भाजतो, फक्त रोज थोडं थोडं.

डॉक्टरांकडे जाताना

गालाच्या आतल्या पेशी सुमारे २५ दिवसांत बदलतात, हिरडीच्या ४१ ते ५७ दिवसांत. साधी जखम तर त्याच्या कितीतरी आधी बुजते. म्हणून दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखो वा न दुखो, दाखवायचीच. चट्टा, गाठ, बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, गिळताना त्रास, मानेतली न दुखणारी कडक गाठ, यांनाही तोच नियम; जिभेखालच्या कडक गाठीसाठी मात्र तेवढंही थांबू नका.

जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहा: नेमकी जागा, जसं 'उजवा गाल, खालच्या दुसऱ्या दाढेसमोर', पहिल्यांदा कधी दिसलं, आणि आकार मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या कोणाकडून मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश लावून फोटो काढून घ्या, आठवड्याच्या अंतराने दोन. इंदुरात एमवाय रुग्णालयाच्या परिसराजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे; तिथे तोंडाच्या आजारांचा विभाग वेगळा आहे, केसपेपर काढताना 'दात नाही, चट्टा दाखवायचा आहे' असं स्पष्ट सांगा, म्हणजे योग्य खिडकीवर पाठवतात. तंबाखू-सुपारी किती आणि किती वर्षं, हे खरं सांगा. घरचे सोबत असल्यामुळे जड जात असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटू द्यायला सांगा.

डॉक्टर तुकडा काढून तपासू म्हणाले तर घाबरून परत येऊ नका. सुई लावल्याने रोग पसरतो हा समज अनेकांचे मोलाचे महिने खातो. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, बहुधा एक-दोन टाके पडतात. त्या दिवशी गरम आणि तिखट टाळा, मऊ भात-वरण, ताक चालेल, आणि त्या जागी ब्रश नको. रक्त झिरपलं तर ओलं केलेलं स्वच्छ गॉज पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. मधूनमधून उचलून बघत राहिलं तर थांबत नाही.